धवल्यांची वही

डोंबिवली,
२ नोव्हेंबर १९५४

ती. मावशी,

नमस्कार आधी आणि काम मागून, नाहीतर म्हणशील की नीलाला मावशी आठवते ती कामापुरती. तसं ते खरंच आहे, पण मला कामं रोज असतात.

तर काम असं. मुंबईच्या एका मंडळाने शाळाशाळांना पत्रं धाडली आहेत. देश स्वतंत्र झाला, आता या देशाच्या माणसांची गाणी, कहाण्या, चालीरीती लिहून ठेवायच्या, नाहीतर म्हाताऱ्या माणसांबरोबर सगळं जाईल, असं त्यांचं म्हणणं. आमच्या हेडमास्तरांनी ते पत्र वाचलं आणि सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवलं. शाळेत झाडलोट करणाऱ्या रखमाबाईंचं माहेर बाळकूमचं. त्यांनी सांगितलं की आगरी लोकांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण लागते. ही बाई धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि तिच्या गाण्यावरच चौक भरतात, हळद लागते. बाळकूमच्या गंगुबाईला शंभरावर धवले येतात म्हणे. वय साठीच्या पुढे, आणि तिच्याकडून शिकलेलं कुणी नाही.

मीच गेले असते, पण डॉक्टरांनी मला प्रवास बंद केलाय. हो, तेच. तिसरा महिना. मागच्या खेपेचं तुला ठाऊक आहे, म्हणून ‘हे’ मला शाळेपलीकडे कुठेच जाऊ देत नाहीत. तेव्हा बाळकूमला तू जायचंस. तुझं अक्षर माझ्याहून चांगलं आणि आपल्या चरईच्या घरातून बाळकूम म्हणजे तासाभराची वाट.

गुरूबरोबर कोरी वही देतेय. शिवाय सौ. गंगुबाईंसाठी हिरव्या बांगड्या, खण आणि कुंकवाची डबी. गावाची लग्नं लावणारी बाई, तिचा सवाष्णीचा मान आपण राखायला हवा. गुरूचं वैशाखातलं लग्न नक्की झाल्याचं त्याच्याच तोंडून कळलं, धाकटा भाऊ असूनही लाजला नाही. कल्याणची वासंती मला आवडली. दादांना नमस्कार.

तुझी,
नीला


ठाणे,
९ नोव्हेंबर १९५४

चि. सौ. नीला,

तुझी बातमी वाचली आणि देवापुढे साखर ठेवली. जड उचलू नकोस, पाय खाली सोडून बसू नकोस, आणि आनंदरावांचं ऐक. मेतकूट आणि आवळ्याचं लोणचं गुरूबरोबर पाठवते.

आता तुझी गंगुबाई. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. मंगळवारी आपल्या मागच्या दाराला भाजीची पाटी उतरवते, तीच ही. बारा वर्षं मी तिच्याशी वालाच्या शेंगांवरून भांडतेय. मला ठाऊकच नव्हतं आणि तिनेही कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, तू भाजी मागलीस, मी भाजी दिली.

धवले लिहून द्यायला तिची हरकत नाही. हरकत निराळीच आहे. मांडव नसताना ती धवला म्हणत नाही. धवल्यातून देवांना लग्नाचं बोलावणं जातं. देव आले आणि बघतात तर लग्नच नाही, मग ते रागावून परत जातात, पुन्हा बोलावलं तरी येत नाहीत. मागच्या दारी बसून तिने गुणगुणायलासुद्धा नकार दिला. म्हणून वही अजून कोरी आहे.

बांगड्या मापाच्या नव्हत्या. सगळंच सामान कपाटात ठेवलंय.

दादांचा गुडघा थंडीने धरलाय.

तुझी,
मावशी


डोंबिवली,
१३ डिसेंबर १९५४

ती. मावशी,

तुझी गंगुबाई मला फार आवडली. देवांना खोटं बोलावणं धाडायचं नाही, यात मला तरी अंधश्रद्धेपेक्षा सभ्यताच जास्त दिसते. पण मग अडलंय कुठे? मांडव नाही म्हणून गाणं नाही, तर मांडवात जा. मार्गशीर्ष सुरू झाला, लग्नं निघालीच असतील. वही घेऊन तिच्याबरोबर जायचं, कोपऱ्यात बसायचं आणि ती गाईल ते लिहायचं. महिन्याभरात तू एक ओळ पाठवली नाहीस. हेडमास्तर रोज विचारतात आणि मी रोज नवी सबब सांगते. माझ्या वर्गातल्या मुली माझ्यापेक्षा बऱ्या सबबी सांगतात.

मी बरी आहे. मेतकूट संपलं.

तुझी,
नीला


ठाणे,
१८ डिसेंबर १९५४

चि. सौ. नीला,

माझ्याने जाणं होणार नाही. दादांचा गुडघा, घरचं सगळं, शिवाय गुरूच्या लग्नाची तयारी माझ्यावरच आहे. तू दुसरं कुणीतरी बघ. वही परत पाठवू का ते कळव.

मेतकूट पाठवलंय.

मावशी


डोंबिवली,
४ जानेवारी १९५५

ती. मावशी,

पंधरा दिवस हे पत्र लिहायचं टाळलं. पण मनात ठेवून तुझ्याशी वागता येत नाही, ती सवय तूच मला लावली नाहीस.

दादांच्या गुडघ्याबद्दल मी काल गुरूला विचारलं. दादा रोज तळ्याला दोन चकरा मारतात. मग खरं कारण काय? मला एकच सुचतं. आगरी वस्तीत जाऊन बसायचं, त्यांच्या मांडवातलं पाणी प्यायचं, हे तुला नको आहे. तू आजही सोवळं पाळतेस का गं? मंगळवारी त्या बाईची भाजी चालते, तिच्या ओटीवर बसायला चालत नाही? आई गेल्यावर दादांचं घर सांभाळून मला आणि गुरूला तू वाढवलंस. माणसामाणसांत फरक करायचा नाही हे तुझ्याकडूनच शिकले, असं मी शाळेत सगळ्यांना सांगत असते. आता काय सांगू?

रागावलीस तर रागाव, पण उत्तर दे.

नीला


ठाणे,
९ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. नीला,

महिनाभर उत्तर दिलं नाही. राग होता, तो दोन दिवसांत गेला. बाकीचे दिवस मी काय करत होते ते सांगते.

सोवळ्याचं म्हणशील तर तुझी आजी गेली त्या दिवशी मी ते खुंटीला टांगलं. गोष्ट तुला वाटते त्याच्या उलटी आहे. त्यांनी आपल्याला चालावं की नाही, हा प्रश्नच नव्हता. मी मांडवाला चालते का, हा होता.

एकोणतीस वर्षांत मी मांडवात पाऊल ठेवलेलं नाही. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, त्यानंतर धाकट्या भावाची मुंज, मग त्याचं लग्न, सगळं मी आतून ऐकलं. कुणी हाताला धरून बाहेर काढलं नाही. आपणच उठून आत जायचं असतं, ते न सांगता कळतं. तुझ्या लग्नात मी कोठीच्या खोलीत होते. तुझं रुखवत मी केलं, करंज्या मी तळल्या, आणि मंगलाष्टकं भिंतीआडून ऐकली. मूठभर अक्षता घेऊन गेले होते, त्या तांदळाच्या पोत्यावरच टाकल्या. तुला दोष देत नाही. बाहेर ये असं कोण सांगणार होतं तेव्हा कुणाला.

आणि तू म्हणतेस, कोपऱ्यात बसून लिही.

तू पाठवलेला पुडा मी गंगुबाईसमोरच सोडला होता. हिरव्या बांगड्या आणि कुंकू बाहेर आलं तेव्हा माझं लक्ष तिच्या कपाळाकडे गेलं. तिचं कपाळ गेली वीस वर्षं माझ्यासारखंच आहे. मी मेली बारा वर्षं ते बघतेय, पण धवलारीण म्हटल्यावर मीसुद्धा ते विसरले. मला वाटलं, आता ही पाटी उचलून चालती होते. ती हसली आणि म्हणाली, असू दे, कुणा नवरीच्या हातात जातील. तुला लाजवायचं नव्हतं म्हणून मी मापाची थाप मारली.

तुझं जानेवारीचं पत्र आलं त्या मंगळवारी ती तुझ्या वहीचं विचारायला लागली, आणि मी कधी नव्हे ते रडले. मांडवात येत नाही त्याचं कारण तिला सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं, मग म्हणाली, “बाय, तुजे कपालावर कुकू नाय, त माजे कपालावर तरी कुठं हाय? देवाला बोलवाला कुकू नाय लागत. गला लागतो.” आणि वालाच्या शेंगा नेहमीपेक्षा कमी घालून गेली.

तिच्या पुतणीची, रतनची, हळद परवा सोमवारी होती. मी गेले. दादांना सांगून गेले. ते म्हणाले, जा. माजिवड्यापर्यंत टांगा केला, पुढे बांधाबांधाने चालत.

मांडवाच्या तोंडाशी पाय अडला. पायाला काय ठाऊक गंगुबाई काय म्हणाली ते. मी बाहेर पेंढ्याजवळ उभी राहिले. तिने आतूनच पाहिलं, उठून आली, दंडाला धरलं आणि आपल्या शेजारी चौकापाशी बसवलं. तांदळाच्या पिठाचा चौक ती भरत होती. कुणी काही म्हटलं नाही. एका बाईने मला पाणी दिलं, दुसरीने माझ्या मांडीवर आपलं मूल टाकलं आणि ती हळद वाटायला गेली.

मग धवला सुरू झाला. ताल नाही, वाद्य नाही. ती एक ओळ म्हणते आणि बाया ती झेलतात.

ये गो खारीचे आई, मांडव घातला दारी,
ये गो गेलेले बाई, हलद लागली पोरी.

खार म्हणजे खाडी. तिला बोलावलं, शिवेवरच्या देवाला बोलावलं, आणि मग मेलेल्या माणसांना. प्रत्येकीला ती विचारते, तुझं कोण गेलं, आणि ते नाव ओळीत बसवते. मला वाटलं, माझी पाळी येणार नाही. मी परकी. पण ती वळली आणि म्हणाली, “तुजं कोन गेलं?” माझ्या तोंडून नवऱ्याचं नाव यायला हवं होतं. तीन वर्षांत दोनदा बोललेला माणूस, त्याचा चेहराही आता नीट आठवत नाही. मी म्हटलं, लक्ष्मी, माझी बहीण. नीला, बाळकूमच्या त्या मांडवात चाळीस बायांनी तुझ्या आईला लग्नाला बोलावलं. बावीस वर्षांत तिचं नाव कुणी इतक्या मोठ्याने घेतलं नव्हतं.

हळद लावायला तिने माझा हात रतनच्या गालाकडे नेला. मी तो ओढून घेतला. तिने पुन्हा नेला. मी लावली. रतनच्या हातात मी नेलेल्या तुझ्या बांगड्या होत्या.

वहीचं मात्र पहिल्या दिवशी वाटोळं झालं. हळदीच्या हातांनी लिहिलं, दोन पानं पिवळी झालीत, आणि तीनच धवले पुरे मिळाले, कारण मधूनमधून मीही ओळ झेलत होते. तिथे नुसतं लिहीत बसलं तर बाया रागावतात. पुढच्या आठवड्यात कोलशेतला लग्न आहे. तिथे मी जाणार आहे.

तुझी,
मावशी


डोंबिवली,
१५ फेब्रुवारी १९५५

ती. मावशी,

तुझं पत्र सहा दिवसांत किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तू लिहिलंस, तुला दोष देत नाही. तो मला दे. मला माहीत होतं. बोहल्यावर उभी राहिले तेव्हा अंतरपाटाच्या कडेवरून कोठीचं दार मला समोर दिसत होतं. ते लोटलेलं होतं आणि तू त्याच्यामागे आहेस हे मला पक्कं ठाऊक होतं. मी एकवीस वर्षांची, बीए झालेली, स्त्रियांच्या प्रश्नावर कॉलेजात भाषण करून ढाल जिंकलेली. माझ्या मनात आलं की म्हणावं, मावशी आल्याशिवाय माळ घालणार नाही. मग वाटलं, आता तमाशा नको, सासरची माणसं काय म्हणतील. आणि माळ घातली. तेवढं एक वाक्य मी बोलले नाही. मग तुझ्याकडे कधी तो विषयच काढला नाही, आणि विषय काढला नाही म्हणजे तो नाहीच, असं इतकं पक्कं ठरवून टाकलं की ‘मांडवात जा’ असं खुशाल लिहून मोकळी झाले. मला क्षमा कर. नाही केलीस तरी चालेल, पण मी मागितली आहे.

आता गुरूचं लग्न. तू त्याची आई आहेस. तो दोन वर्षांचा असताना आई गेली, त्याला आईचा चेहरा म्हणजे तुझाच. पुण्याची आत्या वरमाई म्हणून मिरवायला शालू काढून बसलीय असं कळलं. मिरवू दे तिला पुण्यात. कल्याणच्या मांडवात मुलाची आई म्हणून तू उभी राहायचंस.

तुझी,
नीला


ठाणे,
१ मार्च १९५५

चि. सौ. नीला,

क्षमा वगैरे काय लिहितेस वेडे. तू तेव्हा ते वाक्य बोलली असतीस तर मीच आतून कडी लावली असती.

पण गुरूच्या लग्नाचं मनातून काढ. बाळकूमची गोष्ट निराळी, तिथे मला कुणी ओळखत नाही आणि त्यांच्यात ते चालतं. आपल्यात चालत नाही. माझा विश्वास आहे असं नाही गं. माझी भीती निराळी आहे. उद्या वासंतीला साधी ठेच लागली, तिचं मूल आजारी पडलं, गुरूची नोकरी डळमळली, तरी बायका म्हणतील, तेव्हाच म्हटलं होतं. मी ते ऐकून घेईन. पण एखाद्या दिवशी ते वासंतीच्या मनात आलं आणि तिने माझ्याकडे नुसतं वळून पाहिलं, तर ते मला सोसणार नाही. मला त्या दोघांच्या घरात राहायचंय. तेव्हा आत्याला मिरवू दे. मी लाडवांचं बघते.

कोलशेतला चार धवले मिळाले. गंगुबाई म्हणते माझा गळा बरा आहे, पण भटणीसारखा नाकातून येतो.

तुझी,
मावशी


डोंबिवली,
२० एप्रिल १९५५

ती. मावशी,

वही पोचली. अकरा धवले, पिवळ्या पानांसकट. हेडमास्तरांनी नवी नक्कल करून घ्या म्हटलं, मी नाही म्हटलं. मंडळाच्या छापील कागदावर गाणारणीच्या नावाआधी ‘सौ.’ छापूनच आलंय. मी ते खोडलं आणि नुसतं गंगुबाई, धवलारीण, बाळकूम असं लिहिलं. लिहून घेणारणीच्या जागी तुझं नाव घातलंय, माझं नाही.

तुझी लाडवांची गोष्ट मला मान्य नाही, पण तुझी भीती खरी आहे हे कळतं. तिचं उत्तर मी देऊ शकत नाही, वासंतीच देऊ शकेल. म्हणून तुझं मार्चचं पत्र मी गुरूला वाचायला दिलं. तुला न विचारता दिलं, हा एक गुन्हा आणखी. तो वाचून उठला, खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि पत्र खिशात घालून घेऊन गेला. परवा आला तेव्हा विचारलं, वासंतीशी बोललास का? म्हणाला, बोललो. ती काय म्हणाली ते सांगायला तयार नाही.

माझे दिवस भरत आलेत. डॉक्टर म्हणतात मेच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे लग्नाला मी नाही, हे नक्की. माझ्या एकुलत्या एका भावाचं लग्न. आता कळतं.

तुझी,
नीला


कल्याण,
१३ मे १९५५

चि. सौ. नीला,

तुझी सुखरूप सुटका झाली आणि मुलगी झाल्याचं आनंदरावांनी सांगितलं, तेव्हापासून जीव तिकडे लागलाय. बारशाला येते. आज वरात ठाण्याला निघेल, त्याआधी माडीवर बसून हे लिहून घेते. लग्न कसं झालं ते बाकीचे सांगतीलच. मला परवाच्या सीमांतपूजनाचं सांगायचंय.

कल्याणला पोचल्या पोचल्या मी आपणहून कोठीची खोली शोधली. कुणी सांगितलं नव्हतं. लाडवांच्या परातीवर पंचा टाकत होते. बाहेर गुरुजींनी वरमाईला बोलवा म्हटलं, आत्याचा शालू सळसळला तो मी आतून ऐकला, आणि मग एकदम सगळं शांत झालं. पुढे काय घडलं ते दादांनी नंतर सांगितलं. गुरू पाटावरून उठला होता. म्हणाला, “माझी आई आत आहे. ती आल्याशिवाय मी बसत नाही.” आवाज चढवला नाही. तुला माहीत आहे, तो लहानपणी दूध नको म्हणायचा तेव्हाही असाच बोलायचा, आणि मग ते दूध कुणी त्याच्या घशात घालू शकत नसे.

आत्या म्हणाली, उद्या काही झालं तर? मुलीकडच्यांना तरी विचारा.

कोठीचं दार उघडलं. मला वाटलं गुरू असेल. वासंतीची आई होती, आणि तिच्यामागे वासंती, मुंडावळ्यासुद्धा बांधलेल्या नाहीत, केस अर्धे विंचरलेले. मी भिंतीला लागले. वासंती जवळ आली आणि हळू म्हणाली, “तुमचं पत्र मी वाचलंय. ठेच मला लागणारच. सगळ्यांना लागते. तेव्हा मी तुमच्याकडे बघेन, पण ती बांधायला.”

माझे हात लाडवांनी तुपकट झाले होते, ते तिने आपल्या पदराला पुसले, नव्या लुगड्याच्या. त्या दोघींनी मला मधे घेऊन बाहेर आणलं. मांडव भरलेला होता. बाळकूमला माझा पाय अडला होता, इथे अडायला त्यांनी सवडच ठेवली नाही.

आत्या उठून बाजूला गेली. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. दादा पंच्याने चष्मा पुसत बसले होते, बराच वेळ. नीला, तुझी फार आठवण आली. या खेपेला दाराआड तू होतीस आणि मांडवात मी. तुला किती लागलं असेल ते माझ्याइतकं कुणाला कळणार.

विहीणबाई तांब्या आणि तस्त घेऊन पुढे बसल्या. वरमाईचे पाय धुवायचे असतात. मी पाय आत ओढून घेतले. अगं, एकोणतीस वर्षं या पायांनी फक्त बाजूला व्हायचं काम केलं, कुणाच्या वाटेत यायचं नाही, समोरून जायचं नाही. ते भेगाळलेले पाय कुणाच्या हातात कसे देऊ? विहीणबाईंनी ते धरले आणि सोडले नाहीत.

गुरुजींनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. भला माणूस, पण त्यांनाही खात्री करून घ्यायची होती. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “मुलाच्या वरमाई आपणच ना?” दादांनी तोंड उघडलं, गुरूनेही. पण त्यांच्या आधी मीच बोलले.

“हो,” मी म्हटलं, “मीच.”

मग विहीणबाईंनी पायांवर पाणी घातलं.

तुझी,
मावशी